उंचीच्या रेघा

पाहुणा येणार म्हटलं की लिलाबाईंचे हात आपोआप कामाला लागत. या वेळी ते चुन्याच्या डब्याकडे गेले आणि अडवायला घरात कोणी नव्हतं. दुसरं माणूस असतं तर निदान म्हणालं असतं, बाई, थांब जरा.

रिठदमधल्या त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे बालवाडी. नवरा गेला तेव्हा प्रसेनजित तीन वर्षांचा होता. त्याला सांभाळत लिलाबाई घरीच शिलाई करू लागल्या आणि शेजारच्या बायांनी आपलीही लेकरं आणून बसवली. बाया सकाळी सातलाच निंदणाला निघत, अंगणवाडी उघडे उशिरा. लेकरांनी जायचं कुठे? असं करता करता एकोणीस वर्षं झाली. आता लिलाबाईंना सुईत दोरा ओवता येईना, शिलाई सुटली. लेकरांचं खाणं, पाट्या आणि लिलाबाईंचं मानधन तीन वर्षांपासून मुंबईच्या एका फाउंडेशनच्या अनुदानातून येत होतं. ते मार्चला संपणार होतं. पुण्याहून प्रसेनजित पाठवायचा त्यात एका बाईचं भागलं असतं, पंधरा लेकरांच्या उपम्याचं नाही. अनुदान गेलं तर खोली बंद, आणि खोली बंद म्हणजे दिवसभर बोलायला माणूस नाही. या एकाच गोष्टीची लिलाबाईंना भीती होती.

लेकरू पहिल्यांदा आलं की त्याला दाराजवळच्या भिंतीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर पाटी आडवी धरायची, कोळशानं रेघ मारायची. बाजूला नाव आणि तारीख. शाळेत निघालं की दुसरी रेघ. पहिली रेघ प्रसेनजितची, अगदी चौकटीला लागून. एकोणीस वर्षांत भिंत माणसाच्या छातीपर्यंत काळी झाली होती.

फाउंडेशनची खुशबू, वाशीमच्या कापडवाल्यांची मुलगी, दर महिन्याला येई. तिचा फोन आला. "ताई, सोमवारी आमचे साहेब येताहेत. पुढच्या अनुदानाचं तेच ठरवणार. काही करू नका हं, खोली आहे तशीच राहू द्या."

आता, काही करू नका असं प्रत्येक पाहुणा म्हणतोच. ते मनावर घ्यायचं नसतं, एवढी रीत लिलाबाईंना कळत होती. शनिवार-रविवार कंबर मोडेस्तोवर त्यांनी चुन्यात नीळ कालवून सगळी खोली पोतारली. चौकटीपाशी चुना संपत आला, तिथे एकच हात बसला. पण खोली लखलखीत दिसू लागली आणि किती दिवसांनी त्या स्वतःवर खूश झाल्या.

सोमवारी खुशबू उंबऱ्यातच थांबली. "ताई, रेघा कुठंयत?"

"पोतारल्या ना, मॅडम. लय कळकट दिसे भिंत. सायब येऊन राह्यले म्हनून..."

खुशबूचा चेहरा उतरला. वाशीमपासून सगळा रस्ता ती साहेबांना त्या भिंतीबद्दलच सांगत आली होती. तिच्या मोबाइलमध्ये एक फोटो निघाला, पण त्यात पुढे दोन पोरी नाचत होत्या आणि मागची भिंत धूसर.

साहेब भला माणूस. लेकरांचं गाणं ऐकलं, उपमा खाल्ला. "खोली छान ठेवलीय," म्हणाले. "मुलांची जुनी काही नोंद?" लिलाबाईंनी तीन वर्षांची हजेरी पुढे केली. तसली हजेरी साहेबांनी गावोगाव पाहिली असणार. दोन पानं उलटून त्यांनी ती परत दिली.

निघताना खुशबू हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं ना ताई, काही करू नका."

"थे तर सगळेच म्हनतात, मॅडम."

एप्रिलमध्ये खुशबूचा फोन आला. अनुदान दुसऱ्या तालुक्यात गेलं होतं. भिंतीमुळेच असं नाही, ती दोनदा म्हणाली. लिलाबाई बरं म्हणाल्या, पण त्यांना पटलं नाही. पुढच्या आठवड्यात बायांनी लेकरं नेली. कोणी आजोळी ठेवलं, कोणी सोबत शेतात. सकाळचे सात वाजले की लिलाबाई सवयीनं दार उघडत आणि उघड्या दारात बसून राहत.

एके दुपारी, करायला काही नाही म्हणून, त्या ओल्या फडक्यानं चौकट पुसत होत्या. फडकं भिंतीला लागलं आणि ओल्या चुन्याखालून एक काळी रेघ वर आली. बाजूला त्यांचंच अक्षर. प्रसेनजित.

त्यांनी फोन लावला. फोन रविवारी करायचा असं ठरलेलं, आणि आज बुधवार होता.

"काय झालं, माय? मी कामावर हाओ."

"काई नाई. भित पुसून राह्यली."

"आत्ता? कायले?"

"तू दिसून राह्यला."

पलीकडे यंत्रं घरघरत होती. मग तो म्हणाला, "केवढा होतो मी?"

लिलाबाई भिंतीला खेटून उभ्या राहिल्या. "माह्या कमरेइतका." बोलता बोलता रेघ पांढुरकी होऊ लागली, नावातलं पहिलं अक्षर गेलं. "थांब, वाळून राह्यलं. पानी घिऊन येतो."

फोन उंबऱ्यावर ठेवून त्या आत धावल्या. तांब्या घेऊन आल्या तेव्हा फोन कटला होता. त्यांनी ओंजळभर पाणी भिंतीवर मारलं आणि रेघ पुन्हा वर येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.