आलेखातलं टेंगूळ

वैशाखाचं ऊन झाडीत उतरलं की पाखरूसुद्धा चोच उघडून बसतं. सिंदेवाहीकडच्या त्या गावात अंजनाबाईच्या घरी मात्र दुपार गार असायची. पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पानं तोडून आणलेल्या बाया ओसरीतून आत येत, कूलरसमोर फतकल मारत आणि वाकाच्या दोरीनं पुडे बांधत. ओल्या वाऱ्यात पानं करपत नसत, माणसंही नसत. जंगलालगतच्या आदिवासी टोलीवरची सोमारी गाणं म्हणायची,

"पानावर पान ठेवू, वाक धरू दाती गं,
ऊन तुह्या माथी, अर्धं माह्या माथी गं."

अंजनाबाईचा लेक प्रफुल ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरात राहायचा. गावात स्मार्ट मीटर लागलं तेव्हा तो आला आणि कूलरच्या बोर्डात एक पांढरी डबी बसवून गेला. "आई, आता तू काही करायचं नाही. मी मोबाइलवरून सगळं सांभाळतो. दिवसा वीज स्वस्त, संध्याकाळी पाचनंतर महाग." लेकाला किती काळजी, म्हणून अंजनाबाईनं ते चारचौघींत मिरवलंही.

त्या दिवशी सोमारीला ऊन लागलं. डोळे लाल, अंग तव्यासारखं. अंजनाबाईनं तिला कूलरसमोर आडवं केलं, कांदा ठेचून तळपायांना चोळला, आंब्याचं पन्हं पाजलं. सोमारीचा श्वास जरा जाग्यावर आला आणि पाच वाजले. कूलर घरघरला, थांबला. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, कूलर तेवढा मेला होता. बटन दाबून दाबून बोट दुखलं. तिनं लेकाला फोन लावला. कानानं कमी ऐकू येई, म्हणून नेहमीसारखा स्पीकरवर.

"प्रफुल, कूलर बंद पडला गा."

"पडला नाही, मीच टाइम लावला आहे. बरं झालं फोन केला. रोज दुपारी मीटरच्या आलेखात हे एवढं टेंगूळ दिसते. मले वाटलं कोणी आपल्या लायनीवर आकडा टाकला. मंग गावातला विनोद म्हणाला, तुझ्या आईच्या घरी बाया भरतात."

"त्या पुडे बांधतात. सोमारीले ऊन लागलं, पडून आहे इथी. चालू कर पह्यले."

"मंग तिले तिच्या घरी जाऊ दे ना. आपल्या घरात काऊन बसवते तू त्यांना? जंगलची माणसं, घामानं भरलेली, पार पलंगापर्यंत येतात." मग बायकोला सांगताना आवाज जरा लांब गेला. "रिना, दार लाव वं. एसीचा गारवा चालला बाहेर."

 अंजनाबाईच्या आजीला परक्याच्या पडवीत कोणी टेकू देत नव्हतं. ते घरोघरी सांगितलेलं दुःख या पोरानंही ऐकलं होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, समोर सोमारी होती, आणि लेकाचा आवाज सगळ्या घरभर.

"बरं, अर्धा तास चालू करतो," प्रफुल म्हणाला. "पण उद्यापासून हा मेळा नाही पाहिजे."

कूलर सुरू झाला. तोवर सोमारी उठून बसली होती. भिंतीचा आधार घेत तिनं पुडे फडक्यात गुंडाळले.

"पड वं, कुठी चालली या उन्हात?"

"तुमची हवा तुमाले राहू द्या, बाई." रागानं नाही, अगदी हळू म्हणाली. बाकीच्या दोघींनीही आपापली पानं उचलली. अंजनाबाईनं दारात हात आडवा धरला, पण कोणत्या तोंडानं थांबवणार? हात तिनंच खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. वाळ्याच्या वासाचा गार वारा रिकाम्या चटईवर नुसता वाहत होता. अंजनाबाईला त्या गारव्याची किळस आली, जशी उष्ट्या पाण्याची यावी. तिनं कूलर बंद केला, पहाटे स्वतः तोडलेल्या पानांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि टोलीची वाट धरली.

सोमारी बाकीच्या बायांसोबत मोहाच्या झाडाखाली बसली होती, डोक्याला ओलं फडकं. सावली विरळ, वारा भट्टीतला. सोमारी जरा सरकली. अंजनाबाई तिथं टेकली. मातीचा चटका लुगड्यातून लागला.

पुडे बांधता बांधता फोन वाजला.

"आई, मस्त! टेंगूळ गायब. एकदम सपाट आलेख. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. पाह्य, मनावर घेतलं तर होते का नाही?"

अंजनाबाईनं शेजारी पाहिलं. सोमारी मान खाली घालून पानं जुळवत होती. तिनं ऐकलं होतं, सगळ्यांनीच ऐकलं होतं.

"मले मळमळून राह्यलं, प्रफुल."

"ऊन लागलं असेल. बाहेर काऊन फिरते? घरी जा, कूलर लाव. पाचपर्यंत स्वस्तच आहे."

"उन्हानं नाई होऊन राह्यलं," ती म्हणाली आणि फोन बंद करून पानांच्या ढिगाकडे वळली.