पहाटेचं बोंजू

माइकच्या टोकाला काळ्या स्पंजाची टोपी होती आणि तिच्यावर ओठांचा तांबूस ठसा — तिच्याच ओठांचा, आजचाच. घटकेपूर्वी, पाहुणे चढण्याआधी, आवाज तपासताना ती या टोपीशी किती लाडात येऊन बोलत होती, त्याची ती खूण. लुडविना त्या ठशाकडे पाहत राहिली. बस चढाला लागली होती, आणि मागच्या बाकांवर जहाजातून उतरलेले पाहुणे गप्प बसले होते. ती शांतता सुखाची नव्हती. कुणीतरी आता काही सांगणार म्हणून माणसं थांबतात, जरा जास्तच थांबावं लागतं, मग एकमेकांकडे पाहतात, घसा खाकरतात, खिडकीबाहेर पाहिल्यासारखं करतात — तशी ती शांतता होती, आणि ती मोडणं हेच लुडविनाचं काम होतं. बस चालवणाऱ्या कथबर्टने रेडिओ बंद केला होता. तो कधी बंद करत नसे.

पुढचं वाक्य तिला पाठ होतं. अडचण तीच होती. 'आमच्या बेटावर एक रीत आहे. ओळख असो वा नसो, माणूस समोर आला की आधी बोंजू म्हणायचं. न म्हणता पुढे जाणं म्हणजे तो माणूस तिथे नाहीच, असं म्हणणं. चला, आता सगळे माझ्याबरोबर...' — कंपनीने लिहून दिलेलं बोलणं खरं तर इथूनच सुरू होई. या वाक्याला पाहुणे हटकून हसत, हटकून एका सुरात ओरडत, आणि त्या ओरडण्याने बस एकदम एका घरासारखी होऊन जाई. महिनाभर घोटलेलं ते वाक्य आज जिभेच्या मुळाशी आडवं पडलं होतं, हलत नव्हतं.

कथबर्टने भोंग्याचे दोन आखूड ठोके दिले. रस्त्याच्या कडेने कोयता घेऊन चाललेल्या माणसाने न वळताच हात वर केला. पुढे ओसरीवर वाटाणे सोलणारी एक बाई. पुन्हा दोन ठोके. प्रत्येक ठोका म्हणजे एक बोंजू होतं.

झालं होतं ते एवढंसं होतं. धक्क्याच्या फाटकाबाहेर ती पाहुण्यांच्या रांगेपुढे बसच्या क्रमांकाची पाटी उंच धरून चालली होती; मागे ते जहाज, कॅथेड्रलच्या मनोऱ्याहून उंच, नुसत्या खिडक्यांचं, समुद्र झाकून उभं; तिच्या डोक्याला मद्रास चौकडीचा रुमाल, खळ घालून कडक केलेला, त्याचं टोक तुऱ्यासारखं ताठ. ती वळून, उलट्या पावली चालत, काहीतरी गमतीचं सांगत होती आणि ते हसत होते. किती छान हसत होते... आणि तेव्हा डाव्या हाताला, दुधाच्या बाटल्यांच्या पालथ्या क्रेटवर बसलेली, मांडीवरच्या परातीत कोकोच्या कांड्या आणि दालचिनीची सालं मांडलेली मा फिलो म्हणाली, "बोंजू, दूदू."

दूदू. लाडके. बाप्तिस्म्याच्या दिवशी जिने लुडविनाला पाण्यावर धरलं. आई कामासाठी दुसऱ्या बेटावर गेली ती तिकडचीच झाल्यावर जिने तिला आपल्या दोन खोल्यांत वाढवलं. जिला ती नेनेन, म्हणजे धर्ममाता, म्हणते. आज पहाटे जिने आपल्या हातांनी तिच्या डोक्याला हा रुमाल बांधला — ती मा फिलो.

तिने ऐकलं. तोंड उघडलंही. पण तोंडात आधीच एक वाक्य होतं, ते अर्धं झालं होतं, आणि तोंडाने ते वाक्य पुरं केलं. पाऊल पुढे पडलं. एवढंच झालं असतं तर — पण जांभळ्या फितीची टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या पाहुणीने अगदी भाबडेपणाने विचारलं, "त्या बाई तुम्हाला काही म्हणाल्या का?"

"छे! त्या सगळ्यांनाच हाका मारतात. माल खपवायला."

हातात माइक नसताना ती हे माइकच्या आवाजात म्हणाली. शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशा, घासूनपुसून स्वच्छ केलेल्या इंग्रजीत. आणि मा फिलोला इंग्रजी येतं. या बेटावर कुणाला येत नाही?

मनाने लगोलग वकील उभे केले होते. पहिला म्हणाला, फाटकापाशी कंपनीचे मिस्टर लाफाँ उभे असतात, विक्रेत्यांपाशी रेंगाळू नका अशी त्यांची ताकीद असते, नव्या मुलींवर त्यांची नजर असते... पण मिस्टर लाफाँ आज तिथे नव्हते. तिने आधीच पाहून ठेवलं होतं. दुसरा वकील हुशार होता, इथल्याच मातीतला होता. बोंजू न म्हणता जाणाऱ्याला इथे टोमणा मारतात, 'काय गं, काल रात्री आपण एकाच छपराखाली झोपलो होतो का?' — कारण एका घरात झोपून उठलेल्यांचं बोंजू पहाटे घरातच होऊन जातं. रस्त्यात भेटल्यावर त्यांनी ते पुन्हा म्हणावं असं काही नाही. मग? झोपलो होतोच की आम्ही एका छपराखाली. मी काही चुकवलं नाही. मी...

बस वळणावर कलली आणि वकील गप्प झाला. बोंजू राहून गेलं, एवढंच नव्हतं ते. नेनेनच्या तोंडचं बोंजू उचलून तिने त्याची फेरीवाल्याची आरोळी करून टाकली होती. आणि का, तर — हे तिने स्वतःशी फार हळू म्हटलं — तेव्हा ते हसत होते म्हणून. त्या हसण्याच्या चौकटीत तो पालथा क्रेट, वादळानंतरच्या मदतीत आलेला, कुठल्यातरी परक्या शाळेचं नाव असलेला तो सैल टीशर्ट, पुढचे दात नसलेलं ते हसू मावत नव्हतं. भीती नव्हती ती. भीती असती तर किती बरं झालं असतं.

"पोरी," कथबर्ट आरशात न पाहता म्हणाला, "लोक वाट बघतायत."

तिने माइक ओठांपाशी नेला. 'आमच्या बेटावर एक रीत आहे,' आवाज म्हणाला. आवाज उत्तम होता. योग्य जागी थांबला, योग्य जागी वर गेला, आणि सगळी बस एका सुरात ओरडली, "बोंजू!" मग टाळ्या. जांभळ्या फितीची म्हातारी तर दोनदा म्हणाली, शाळेतल्या मुलीसारखी. कथबर्टची मान तेवढी हलली नाही.

धबधब्यापाशी पाहुणे वाटाड्याबरोबर पायवाटेने खाली उतरले आणि ती दोघं बसच्या सावलीत राहिली. कथबर्टने कागदाची पुडी उघडली. तळलेल्या पावात खारा मासा. अर्धा मोडून त्याने तिच्यापुढे केला. तिने मान हलवली.

"खा. लाजेनं पोट भरत नाही."

"कसली लाज?"

"मला काय ठाऊक? मी ड्रायव्हर माणूस. मला पुढचा रस्ता दिसतो." त्याने घास चावला. "आणि बाजूचा आरसा. आरशात मा फिलो दिसली. तोंड उघडं ते उघडंच. म्हटलं, आता माशी जाते की काय."

ती हसली नाही. खालून पाण्याचा एकसारखा आवाज येत होता. दुसऱ्या वकिलाला तिने एकदा मोठ्याने बोलू दिलं. "आम्ही एका घरात राहतो, मिस्टर कथबर्ट. आमचं काय, घरातच म्हणून झालेलं असतं."

"अस्सं." त्याने बोटं चाटली, विचारात पडल्यासारखं केलं. "म्हणजे चूक तिची म्हण की. घरात एकदा दिलं, रस्त्यात पुन्हा दिलं. उधळीच आहे म्हातारी."

लुडविनाने मान वळवली. नेचाची पानं... त्यांच्यावर पाण्याचे तुषार, आणि त्या ओल्या हिरवेपणातून विनाकारण तो नळ वर आला, गल्लीच्या तोंडाशी असलेला. सात-आठ वर्षांची ती, बादली घेऊन पळत येताना आंधळ्या तोंताँ अल्सिदसमोरून तशीच निघून गेली होती. त्यांना दिसत नाही, मग त्यांना काय कळणार, असं तिने मा फिलोला सांगितलं होतं. मा फिलो ओरडली नव्हती. बादली तिने स्वतः उचलली आणि म्हणाली, "मागे जा आणि पुन्हा ये." सगळी गल्ली पाहत होती. ती नळापर्यंत मागे गेली, रिकाम्या हातांनी पुन्हा आली, म्हणाली, बोंजू. आणि त्या आंधळ्या माणसाचा चेहरा... दिवा लावल्यावर खोलीचं होतं तसं काहीतरी त्या चेहऱ्याचं झालं होतं. तेव्हा मागे जाता येत होतं. नळ तिथेच होता, गल्ली तेवढीच होती.

"जाऊन बोल तिच्याशी," कथबर्ट म्हणाला.

"काय बोलू?"

"ते मी कसं सांगू? मी सांगितलं तर तू पाठ करशील." त्याने कागद चुरगाळला. "आणि फार सुरेख म्हणशील."

उतारावर तिने सांगायचं होतं ते सगळं सांगितलं — लिंबांच्या बागांचं, वादळाचं, गंधकाच्या झऱ्यांचं — आणि खाली दुसऱ्याच वाक्यांची जुळवाजुळव चालू होती. 'नेनेन, सकाळी मी...' 'नेनेन, तुला वाटलं असेल...' प्रत्येक वाक्य जुळता जुळता गुळगुळीत होई, योग्य जागी थांबे, योग्य जागी वर जाई. ती ते टाकून देई. दुसरं घेई. तेही तसंच.

बस धक्क्यापाशी आली तेव्हा ऊन कललं होतं, आणि जहाजाची सावली रस्ता ओलांडून विक्रेत्यांच्या छत्र्यांवर चढली होती. पाहुणे उतरले. आणि मग जे झालं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं. सकाळी शिकलेलं त्यांच्या ओठांवर अजून ताजं होतं, पहिल्याने क्रेटवरच्या मा फिलोला पाहून हात हलवला आणि ओरडला, "बोंजू!" मग दुसरा, मग सगळेच, हसत, एकमेकांना कोपरं मारत. दुपार उलटली की कुणी बोंजू म्हणत नाही, बोनस्वा म्हणतात. चुकणाऱ्या पोराचा मा फिलो कान धरते. तिने कुणाला दुरुस्त केलं नाही. दर वेळी मान किंचित झुकवून, घाई न करता, ती एकेकाला म्हणत गेली, बोंजू... बोंजू... बोंजू, मादाम. जांभळ्या फितीची म्हातारी तर वाकून, तिचा हात हातात घेऊन म्हणाली, आणि मा फिलोने आपला दुसरा हात तिच्या हातावर ठेवला.

पाहुणे फाटकातून आत गेले. रस्ता एकदम रुंद झाला. लुडविना पुढे आली, परातीपासून हातभर अंतरावर थांबली. शेजारी गवती टोप्या विकणारी युलाली टोपीने वारा घेत होती.

"मा फिलो, आली गं बाई तुझी राणीसाहेब," युलाली म्हणाली. "परक्यांना बरं शिकवून पाठवलंन! स्वतः मात्र सकाळी कशी गेली, शिडात वारा भरल्यासारखी. काय गं, काल रात्री तू आणि मा फिलो एकाच छपराखाली झोपला होता का?"

"झोपलो होतो की," मा फिलो म्हणाली. ती परातीतल्या कांड्या सारख्या करत होती. "तुला काय करायचंय? एकाच छपराखाली, आणि ते छप्पर गळतंही दोघींवर सारखंच. तिचं बोंजू तिनं मला पहाटेच दिलंय."

"पहाटे! मग सकाळी तोंड कशाला पडलं होतं तुझं?"

"ऊन होतं डोळ्यांवर. पहाटे मी तिचा रुमाल बांधत होते, तोंडात टाचण्या होत्या माझ्या, तरी उलटून म्हटलं मी. त्यात टाचणी पडली एक, अजून सापडायचीय." आता तिने मान वर केली. "म्हणाली होतीस ना गं, दूदू? सांग हिला."

आणि लुडविनाला ती पहाट दिसली. आरसा. आरशात आपलेच ओठ. ती आपल्या ओठांकडेच पाहत पाहुण्यांसाठीचं वाक्य घोटत होती, 'बोंजू! आमच्या बेटावर एक रीत आहे...' — एकदा दात दाखवून, एकदा न दाखवता, एकदा भुवया उंचावून. आणि मागून, मिटल्या ओठांतून, टाचण्यांच्या आडून कुणीतरी म्हणालं होतं, बोंजू, दूदू. आरशात तिच्या खांद्यामागे एक चेहरा होता खरा. त्या चेहऱ्याचं तेव्हा काय झालं होतं, तिने पाहिलं नव्हतं. मध्येच बोलल्यामुळे लय तुटली म्हणून ती जराशी चिडली होती, एवढंच तिला आठवलं. आणि तिने वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं.

हो म्हटलं तर युलाली गप्प बसेल. नेनेन हसेल, तिन्हीसांजेला दोघी एकाच वाटेने वर जातील, आणि त्या पहाटेचं ते बोंजू त्या घरात खरं म्हणून राहील. नाही म्हटलं तर... तर सकाळचं गेलंच होतं, पहाटेचंही जाईल. तेवढं एकच नेनेनच्या पदरात होतं, आणि तेही काढून घेण्याचा हक्क मला कुणी दिला? मा फिलोच्या डोळ्यांत काय आहे हे तिने शोधलं — तिला ठाऊक होतं का? आपल्याला वाचवण्यासाठी ती हे बोलली, की ते खरंच मानून, सकाळी उन्हात बसल्या बसल्या त्यालाच धरून राहिली होती? डोळे नुसते वाट पाहत होते. माणूस उत्तराची वाट पाहतो तसे, साधे.

"बघा, जीभ जहाजावर ठेवून आली," युलाली म्हणाली.

"थांब गं," मा फिलो म्हणाली. "सांगेल ती."

लुडविनाच्या ओठांपाशी दोन्ही उत्तरं आली, आणि दोन्ही त्याच आवाजात आली — शेवटच्या माणसापर्यंत पोचणाऱ्या. त्या आवाजात नेनेनला काहीच द्यायचं नव्हतं; तिने ओठ मिटले. मग ती वळली आणि चालू लागली. मागून कुणी हाक मारली नाही. पळावंसं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण पाय सावकाश पडत होते, पाठ उघडी असल्यासारखी गरम झाली होती आणि ती तिने तशीच राहू दिली, पाहणाऱ्याला पाहता यावी म्हणून. लाज कमी झाली नव्हती. ती आता घरातल्या माणसासारखी आत येऊन बसली होती, आणि त्या लाजेसमोर म्हणायला लुडविनाजवळ एकही वाक्य तयार नव्हतं.