लाल कड्याचा व्हॉल्व्ह

हौसेला मोल नसतं म्हणतात. बोरिवोयेच्या, म्हणजे बोराच्या, हौसेला होतं, आणि ते त्याच्या बायकोने, झागोर्काने, ठरवून दिलेलं होतं: महिन्याला दोन हजार दिनार, वर एक दमडी नाही. हौस होती जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर तबकड्या ऐकायची, आणि त्याला लागणाऱ्या परदेशी काचेच्या व्हॉल्व्हचं तेवढ्यात रिकामं खोकंही आलं नसतं. म्हणून दर रविवारी सकाळी तो जुन्या बाजारात चेडाच्या घोंगडीपुढे उकिडवा बसायचा. चेडा अंड्यांच्या ट्रेमध्ये व्हॉल्व्ह मांडून विकायचा. बोरा एकेक उचलून उजेडाकडे धरायचा. काचेच्या डोक्यातला चंदेरी मुलामा पांढरट पडला असेल तर आत हवा शिरलीय, तो मेला. पाय वाकडे असतील तर कुणीतरी धसमुसळेपणा केलाय. आणि काचेवरची अक्षरं फारच ताजी दिसत असतील तर ती चेडाच्या बायकोने कालच छापलीत.

अ‍ॅम्प्लिफायरमधले मोठे व्हॉल्व्ह बदलायला पेन्शन पुरत नाही. पण अगदी सुरुवातीला बसतो तो अंगठ्याएवढा छोटा व्हॉल्व्ह चांगला मिळाला, तर तीच जुनी तबकडी नव्याने गायला लागते. हे बोराचं तत्त्वज्ञान. ते ऐकून ऐकून अख्ख्या इमारतीचे कान किटले होते.

त्या रविवारी त्याने एक छोटा व्हॉल्व्ह निवडला. चंदेरी मुलामा आरशासारखा, पाय सरळ. फक्त बुडाशी कुणीतरी ब्लेडने काहीतरी खरवडलेलं होतं.

"आठशे," चेडा म्हणाला.

"पाचशे."

"ने."

चेडा घासाघीस न करता देतोय, इथेच शंका यायला हवी होती. पण स्वस्त दिसलं की शहाण्याचीही मती गुंग होते, आणि बोरा काही फार शहाणा नव्हता.

घरी गॅलरीत झागोर्का हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजत होती. त्या वासावर शेजारचा टोप्लित्सा आलाच होता. त्याला वासही पुरतो, पण बरोबर राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, पेला लागतो. बोराने नवा व्हॉल्व्ह बसवला, तो तापेपर्यंत थांबला आणि तबकडी लावली.

बाई गायला लागण्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू आला. अकॉर्डियन उजव्या खिडकीपाशी येऊन बसलं. टोप्लित्सा, जो झोपेतही बडबडतो, तो गप्प झाला. झागोर्का काळ्या हातांनी गॅलरीच्या दारात उभी राहिली. चाळीस वर्षं ऐकलेलं गाणं, पण आज बोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाचशे दिनार!" तो म्हणाला. "झागा, पाचशे!"

"कौतुक पुरे. ठोकून बघितलास का?"

तिला विचारायचा अधिकार होता. गावातला व्हॉल्व्हचा कारखाना बंद पडेपर्यंत बावीस वर्षं ती तपासणीच्या बाकावर होती. पेन्सिलीच्या रबराने काचेला हलकेच ठोकायचं. स्पीकरमधून खणखणाट आला तर तो व्हॉल्व्ह नापास. तिच्या कानाला मीटरपेक्षा जास्त मान होता. आता तोच कान घरातल्या शांततेलाही लागलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, बुधवारी तपासणीचा निकाल यायचा होता, आणि त्या बुधवारबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

बोराने तबकडीवरची सुई उचलली आणि पेन्सिलीने एकदा ठोकलं. काच खणखणली नाही. उत्तम माल. तो मान वर करणार, एवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. ठक्. मग जरा थांबून, ठक्.

कुणीतरी पलीकडून दारावर ठोकावं तसा.

"पुन्हा ठोक," झागोर्का म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

त्याने ठोकलं. पुन्हा दोन.

तिने हात पुसले, व्हॉल्व्ह फडक्यात धरून उपसला आणि बुड खिडकीकडे केलं. खरवडलेल्या जागी, पायांच्या खाचेत, लाल रंग उरला होता.

"हे माझं कडं आहे," ती म्हणाली. "नापास मालाला आम्ही लाल ठिपका द्यायचो. अख्खं कडं मी आयुष्यात एकालाच काढलं. हा फोडायला दिला होता मी. कुणी मेल्याने वाचवला?"

"चेडा तेव्हा तिथे हमाल होता," टोप्लित्सा म्हणाला. "पण वहिनी, नापास का? इतका गोड वाजतो!"

"मीटरवर पास होता. सगळ्या जेवायला गेल्या होत्या, बाकावर मी एकटी. मी एकदा ठोकलं, यानं दोनदा. दहा वेळा ठोकलं, दहाही वेळा दोनदाच. वहीत कारण काय लिहू? लिहिलं, 'आवाज करतो'. आणि आठ दिवसांनी डॉक्टरीण म्हणाली, बाई, तुला दिवस गेलेत."

त्यांच्या लेकीच्या, बिल्यानाच्या, वेळची ती गोष्ट होती. बिल्याना आता ऑस्ट्रियात, ग्राझला, दोन मुलं सांभाळत होती.

"म्हणजे हा माणसं मोजतो," टोप्लित्सा हसत म्हणाला, आणि मग त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. "पण आपण तर तिघं आहोत."

"तुला माणसांत धरत नसेल," बोरा म्हणाला.

टोप्लित्सा हसला खरा, पण राकिया अर्धी टाकून उठला. या माणसाने पेला अर्धा टाकल्याचं त्या इमारतीत कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्यामागे दार लागलं तसा बोराने व्हॉल्व्ह परत खोचला. "आता बघ, दोन येतील. तोच वगळला होता."

व्हॉल्व्ह तापला. बोराने ठोकलं.

ठक्.

दोघं वाट पाहत राहिली. दुसरा आला नाही.

बोराने बायकोकडे पाहिलं नाही. त्याच्या मनात एकच दिवस होता, बुधवार. तिच्याही मनात तोच असणार, कारण तिचा हात आपोआप छातीवर गेला होता.

"तू बाहेर जा," ती म्हणाली. "मला कळू दे."

"झागा, खुळेपणा करू नकोस. जुनी काच आहे ती."

"जा म्हणते ना."

तो गॅलरीत मिरच्यांपाशी जाऊन उभा राहिला. दार त्याने मागे लोटून घेतलं. त्याने कठडा घट्ट धरला. देवाचं नाव त्याने लग्नानंतर घेतलं नव्हतं, ते आता घेतलं. आत पेन्सिल वाजली. मग स्पीकरमधून, स्वच्छ, एक ठोका आला.

एक! ती होती. ती मोजली गेली होती. बोराला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तो मोठ्याने हसला. मग तो वळला, तर झागोर्का दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. हिशेब तिने आधीच केला होता.

"आता तू," ती म्हणाली.

"तू स्वयंपाकघरात जा. आणि दार लावून घे, नाहीतर तुलाच मोजेल."

ती गेली. दार लागलं, आतला पंखाही सुरू झाला. बोरा अ‍ॅम्प्लिफायरपुढे बसला. व्हॉल्व्हची तार केशरी दिसत होती. त्याने ठोकलं.

स्पीकरमधून बारीक घरघर येत होती. तेवढीच. त्याने पुन्हा ठोकलं, जरा जोरात. आपण इथे आहोत, आपल्या खुर्चीत, आपल्या सपाता घालून, हे त्याला कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटलं. तिसऱ्यांदा ठोकून त्याने कान अगदी स्पीकरच्या जाळीला लावला. घरघरही थांबली होती. खोलीत कुणीच नसल्यासारखं शांत झालं.

त्याला भीती वाटली.

"बोरा!" दाराआडून हाक आली. "किती?"

"एक," तो म्हणाला.

दार धाडकन उघडलं. "एक? माझाही एक, तुझाही एक, आणि दोघांचा मिळून एक?"

"तसंच दिसतंय."

"मग नापासच की रे मेला!" झागोर्का रडत होती आणि हसत होती. "मी काय म्हणत होते? बावीस वर्षांत माझं एक कडं चुकलं नाही. पाचशे दिनार पाण्यात!"

"तुझंच खरं," बोरा म्हणाला.

हे दोन शब्द त्याने अडतीस वर्षांत कधी काढले नव्हते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिला संशय आला असता. आज ती इतकी खूश होती की तिने त्याच्या गालाचा मुका घेतला, गालाला मिरचीची काजळी लावली आणि बापाची फजिती लेकीला सांगायला लगेच फोन लावला.

"ऐक बिल्याना, तुझ्या शहाण्या बापाने आज काय आणलं माहितीये?"

बोरा तिचं बोलणं ऐकत बसला. प्रत्येक शब्द.

"झागा," तो मध्येच म्हणाला, "तिला म्हणावं, नाताळपर्यंत थांबू नकोस. या शनिवारीच ये. पोरांनाही घेऊन."

झागोर्काने फोनवर हात ठेवला. "शनिवारी? तिला रजा कुठून मिळणार? काय घाई आहे?"

"शुक्रवारी आली तर आणखी बरं," बोरा म्हणाला.