रोज अकरा तास

ज्युविलिन पान्तोहाला पदवी मिळायला एकच गोष्ट उरली होती. पंधरा बहिऱ्या माणसांनी तीन महिने, रोज किमान आठ तास, कानात श्रवणयंत्र घालायचं. तिने स्वतः जे शिकायचं ते सगळं शिकून झालं होतं, निदान विद्यापीठाचं तसं म्हणणं होतं. आता तिचं भवितव्य पंधरा परक्या कानांवर टांगलं होतं.

श्रवणतज्ज्ञ होण्याचा हा अभ्यासक्रम ‘बधिर समुदायाच्या सेवेसाठी’ आहे, असं विभागाच्या दारावरच लिहिलेलं होतं. त्यामुळे त्या समुदायाला दाराच्या आत बोलवायची कुणाला गरज वाटली नव्हती. आत मेणाचे कान होते, प्लास्टिकचे कान होते, एक तर एवढा मोठा होता की त्यात डोकं घालून डुलकी काढता यायची. बहिरं माणूस मात्र दोन वर्षांत एकदाही वर्गात आलं नाही. खुणांच्या भाषेचा तास शुक्रवारी जेवणाआधी असे. तो घेणाऱ्या बाई ती भाषा व्हिडिओ बघून शिकल्या होत्या. मुळाक्षरं, ‘धन्यवाद’ आणि ‘कुठे दुखतंय?’ एवढं झालं की त्या म्हणत, “बाकीचं ते ओठांवरून समजून घेतात.” आणि जेवायला जात.

विभागप्रमुख डॉ. आर्सेनियो लाकसामाना यांचं बहिऱ्या लोकांवर अतोनात प्रेम होतं. ते त्यांनी आजवर चौदा शोधनिबंधांत व्यक्त केलं होतं. समोरासमोर व्यक्त करायची वेळ आली नव्हती, एवढंच.

“मिस पान्तोहा, मला आकडे आणा. भावना नकोत,” ते म्हणाले होते.

“यंत्रातच नोंद होते, सर. रोज किती तास चालू होतं, आजूबाजूला कसला आवाज होता, सगळं.”

“तेच तर! माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलणार नाही.”

तेव्हा ज्युविलिन परदेशी संस्थेने फुकट दिलेली पंधरा यंत्रं आणि बॅटऱ्यांची खोकी घेऊन सान रोकेला गेली. सान रोके हे साखर कारखान्याचं गाव. तिथली बहिरी मंडळी दर रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की मानांग पासिताच्या, म्हणजे पासिताताईच्या, शिवणकामाच्या दुकानात जमायची. पासिता जन्मापासून बहिरी, साठीच्या घरातली, आणि मंडळाची अध्यक्ष. तिची मुलगी रोवी ऐकणारी होती, औषधांच्या दुकानात नोकरीला. दुभाष्याचं काम ती बोलायला लागल्यापासून करत होती, म्हणजे साधारण दोन वर्षांची असल्यापासून.

पासिताने आधी पानसितची, परतलेल्या शेवयांची, ताटली पुढे केली, मग कान पुढे केला. घरी आलेल्या पाहुणीला नाही म्हणायची तिथे रीत नाही. बाकीच्या चौदा जणांनीही रांगेने कान दिले. ज्युविलिनने रोवीमार्फत सगळं समजावलं आणि शेवटी भाबडेपणाने सांगून टाकलं, “तास भरले नाहीत तर मी नापास.”

हे चाललेलं असताना शेजारचा मानोंग दोमिंग, म्हणजे दोमिंगदादा, दारात येऊन उभा राहिला. त्याची खाणावळ होती आणि तिच्यात गाण्याचं यंत्र होतं, नाणं टाकलं की गिऱ्हाइकाने माइक घेऊन गायचं. गिऱ्हाईक नसलं की तो स्वतःच गायचा, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

“पोरी, मलाही एक बसव की,” तो ओरडला. “तीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरपाशी काढली. बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. आधी बरं वाटायचं, आता करमत नाही.”

“मानोंग, तुम्ही बधिर समुदायात बसत नाही. अर्जात फक्त...”

“काय? मोठ्याने बोल!”

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. यंत्राने ज्याला खरोखर ऐकू आलं असतं तो दारातून परत गेला. जन्मापासून ज्यांना त्याची गरजही नव्हती आणि त्याचा उपयोगही नव्हता, त्यांना मात्र एकेक मिळालं.

तीन महिने ज्युविलिन दर रविवारी जात राहिली. सगळ्यांच्या कानांत यंत्रं शिस्तीत बसवलेली असत. ती तास उतरवून घेई, जेवे, आणि जेवताना गप्पा मारी. विद्यापीठाने दोन वर्षांत शिकवली नाही ती भाषा पासिताने तिला बारा जेवणांत शिकवली, शिव्यांसकट.

आकडे तर असे आले की लाकसामानांनी खुर्चीतून उठून तिच्याशी हात मिळवला. रोज अकरा तास! एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आजूबाजूच्या आवाजांत संगीत सत्तर टक्के.

“बहिऱ्यांना संगीताची केवढी ओढ असते बघा!” ते म्हणाले, आणि पंधराव्या शोधनिबंधाला बसले. एका यंत्रात मात्र संगीत कमी आणि माणसांचं बोलणं जास्त निघालं. ते त्यांनी बिघडलेलं म्हणून यादीतून काढून टाकलं.

परदेशातून देणगीदार बाई येणार म्हणून विभागाने फ्लेक्स छापायला टाकला. त्यावर लाकसामानांचा चेहरा दाराएवढा आणि बहिरे लोक खाली पोस्टाच्या तिकिटांएवढे यायचे होते. तिकडे गावात ज्युविलिनच्या आईनेही फ्लेक्स टाकला: ‘आमच्या गावची पहिली श्रवणतज्ज्ञ’. तिकिटांएवढ्या फोटोंसाठी ज्युविलिन न कळवता एका बुधवारी सान रोकेला गेली.

दुकानात पासिता मशीनवर होती. कान मोकळे. कापड बेतणारे दोघे, त्यांचेही कान मोकळे. ज्युविलिनने लाकडी जमिनीवर पाय आपटला तशी पासिताने वर पाहिलं आणि तिचा हात आधी स्वतःच्या कानाकडे गेला. मग ती उठली आणि ज्युविलिनला दंडाला धरून दोमिंगच्या खाणावळीत घेऊन गेली.

गाण्याच्या यंत्राच्या कर्ण्यावर बिस्किटांचा डबा होता. डब्यात चौदा श्रवणयंत्रं चालू स्थितीत पहुडली होती आणि एकमेकांच्या अंगावर पडून बारीक शिट्ट्या मारत होती.

“तीन महिने हे असं चाललंय,” दोमिंग म्हणाला. “त्यांना काय, त्यांना ऐकूच येत नाही! गिऱ्हाइकं विचारतात, तुझ्याकडे रातकिडे दिवसाढवळ्या कसे?”

तो ओरडत नव्हता. पंधरावं यंत्र त्याच्या कानात होतं. रविवारी तेवढं तो परत करायचा.

“तुमचं गाणं थांबलं वाटतं?” ज्युविलिनने विचारलं, कारण दुसरं काय विचारावं ते तिला सुचेना.

“स्वतःचं ऐकू आलं ना मला. त्या दिवसापासून सोडलं.”

त्या दिवशी सगळ्या आळीने देवाचे आभार मानले होते. विज्ञानाचे मानायचे राहून गेले.

“पहिला आठवडा घातलं आम्ही,” पासिता हातांनी सांगू लागली. “कपाळात कुणी हातोडी मारतंय असं वाटायचं. आमच्यातला तेसो तर ओकला. मग काढलं. रोवी म्हणाली, शांत खोलीत ठेवलं तर यंत्र चहाडी करील, म्हणून इथे. सकाळी नऊला चालू, रात्री आठला बंद. पाळ्या लावल्यात. कुणी आजारी पडलं तर बदली माणूस येतं.”

“मला सांगायचं नाही का?”

“सांगून काय, नापास करायचं तुला? तू आमचं काय घोडं मारलंयस?”

ज्युविलिनला हसू आलं, लाज वाटली आणि भूकही लागली. दोमिंगने भात वाढला तो तिने खाल्ला, शहरात परत आली आणि लाकसामानांना काही म्हणजे काही बोलली नाही. पदवी कुणाला नको असते? फ्लेक्सही छापून झाले होते.

परीक्षेच्या दिवशी सभागृहात लाकसामाना, देणगीदार मिसेस हॉल्वर्सन आणि शोभेला म्हणून मानांग पासिता, असे तिघे मंचावर बसले. दुभाष्या नव्हता. बहिऱ्या माणसांच्या कार्यक्रमाला दुभाष्या लागतो, हे चौदा शोधनिबंधांत कुठे आलंच नव्हतं. रोवीला दुकानातून सुट्टी मिळाली नव्हती. तेव्हा परीक्षा देणारीच दुभाषी झाली.

“हे यंत्र आल्यापासून यांच्या आयुष्यात काय बदललं?” मिसेस हॉल्वर्सननी विचारलं.

पासिता हसली. तिचे हात मोठे, ठसठशीत चालले. “सकाळी पाखरं ऐकू येतात. कोंबडा ऐकू येतो. ही मुलगी फार हुशार आहे, हिला पहिला नंबर द्या.”

ज्युविलिनने ते जसंच्या तसं बोलून दाखवलं. टाळ्या पडल्या. लाकसामानांनी डोळे पुसले.

चेहऱ्यावरचं हसू न हलवता पासिताने हात कमरेपाशी आणले आणि विचारलं, “एवढं पुरे? की समुद्र पण घालू?”

सान रोकेत दुभाष्याला एकच नियम आहे. हातावर जे येईल ते बोलायचं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. तो मोडणाऱ्याला मंडळाच्या दारात पुन्हा उभं करत नाहीत. सभागृहात हे कुणाला कळणार नव्हतं. कमरेपाशी हललेले दोन हात तिथे कोण वाचणार? ज्युविलिनला मात्र एकाएकी वाटलं की हेही गाळलं, तर या बाईचं म्हणून आपण आजवर जे जे लिहून घेतलं त्यातलं एक अक्षरही तिचं नव्हतं.

“‘एवढं पुरे? की समुद्र पण घालू?’” ती मोठ्याने म्हणाली. “असं त्या विचारतायत.”

“विनोदबुद्धी!” लाकसामाना घाईने हसले. “बहिऱ्यांची विनोदबुद्धी, यावर मी...”

“घालू म्हणजे?” मिसेस हॉल्वर्सननी विचारलं.

मग ज्युविलिनने सगळं सांगितलं. डबा, पाळ्या, हातोडी, दोमिंग. तोंडाने सांगत होती तेच हातांनीही सांगत होती, म्हणजे पासितालाही कळावं. पासिताचं हसू हळूहळू उतरत गेलं.

निकाल तासाभरात लागला: अपूर्ण. पुन्हा एक सत्र, नवी पंधरा माणसं, रोज आठ तास. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनीने दुभाष्याचे काम विनापरवाना केले.’ मिसेस हॉल्वर्सननी फ्लेक्सखाली फोटो काढून घेतला आणि पुढल्या वर्षी दुप्पट यंत्रं पाठवायचं कबूल केलं.

पासिताला गावी सोडायला ज्युविलिन जीपनीत, म्हणजे वडापच्या लांबलचक जीपगाडीत, बसली. पासिताने तोंड फिरवून घेतलं होतं. खुणांच्या भाषेत एकदा तोंड फिरवलं की बोलणं संपलं, कितीही हात हलवा. गाडी उसाच्या शेतांपाशी आली तेव्हा कुठे ती वळली.

“पंधरा माणसं,” ती हातांनी म्हणाली. “तीन महिने. एक दिवस चुकलो नाही आम्ही. आणि तू एका मिनिटात सगळ्यावर पाणी ओतलंस.”

“चुकलं माझं.”

पासिताने पिशवीतून आपलं यंत्र काढलं, कानात बसवलं आणि चालू केलं. जुन्या जीपनीचं इंजिन, भोंगा, पत्र्याचा खडखडाट. तिचा चेहरा पिळवटला, डोळे मिटले गेले. तशीच ती हातांनी म्हणाली, “नव्या पंधरात मला पहिली धर. बाकीच्यांचं मी बघते. या वेळी खरंच घालू. आठ तास ना? मोज.”

पासिताचे डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे तिला काही सांगताही येईना. ज्युविलिनने हात पुढे केला, तिच्या कानातलं यंत्र स्वतः काढलं आणि बंद केलं. मग मात्र तिला आवरेना. पदवी गेली म्हणून नव्हे. आपल्यासाठी ही बाई आता तीन महिने हातोडी खायला तयार झाली होती, म्हणून ती रडली.

पासिताने डोळे उघडले, जरा वेळ बघितलं आणि रुमाल दिला.

“हळू रड,” ती म्हणाली.

“तुम्हाला काय माहीत मी मोठ्याने रडतेय ते?”

“सगळी जीपनी वळून बघतेय.”