देवनागरीतली कमांड

राजरत्नचा लॅपटॉप बोलायचा बंद झाला, की आमच्या खरवईच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. माझ्या भावाला जन्मापासून दिसत नाही. स्क्रीनवरचं सगळं लॅपटॉप त्याला वाचून दाखवतो, आणि त्या आवाजावर तो घरून टायपिंगची कामं करतो.

लॅपटॉप उल्हासनगरातून घेतलेला, सेकंडहँड, आत लिनक्स. त्याच्या साउंड चिपला जागं करायला फर्मवेअरची छोटी फाईल लागते. असल्या फायलींचं पॅकेज बांधायचं, कुठल्या मॉडेलला कुठली ते लिहून ठेवायचं, हे काम मी फुकट करते. हौस, दुसरं काय! अपडेटनंतर कधीकधी आवाज जातो. तो परत कसा आणायचा त्याचं पान मी मराठीत लिहिलं. कमांडसुद्धा देवनागरीत : एस, यू, डी, ओ, मग लांब बटण, म्हणजे स्पेसबार.

पुण्याचा पुष्कर माझ्याबरोबर हे पॅकेज सांभाळतो. त्याने न विचारता सगळ्या कमांड रोमन करून टाकल्या. वर मलाच लिहिलं, "मैत्रेयी, देवनागरीत कमांड चालते का कधी? हसं होईल आपलं." शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी चार परिच्छेद लिहून समजावलं, तरी हा ढिम्म.

आणि काल अपडेट आली, आवाज गेला. मी अंबरनाथ एमआयडीसीत, कंपनीत मोबाईल आत नेता येत नाही. घरी राजरत्नजवळ फक्त आई. ती वांगणीच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिने मोबाईलवर पान उघडलं, भराभरा वाचलं आणि कमांडच्या रोमन अक्षरांपाशी अडली. राजरत्न दिवसभर हात चोळत बसला. काम दुसऱ्याला गेलं. पुन्हा असं झालं तर कायमचं बंद, असं काम देणाऱ्यांनी त्याला कळवलंही.

मी घरी आले तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मिनिटात आवाज आणला असता, पण नाही आणला. राजरत्नच्याच लॅपटॉपवरून आधी माझं पान जसंच्या तसं परत टाकलं, पुष्करशी वाद चालतो ते चर्चेचं पान उघडं ठेवलं आणि मोबाईल आईच्या हातात दिला.

"वाच."

"एस," आई म्हणाली. "यू. डी. ओ. आता लांब बटन दाब, राजा."

राजरत्नची बोटं चालली. ती एकेक अक्षर सांगत गेली, तो एकेक दाबत गेला. शेवटचं बटण दाबलं आणि लॅपटॉप बोलला. समोर चर्चेच्या पानावर पुष्करने नुकतंच लिहिलेलं होतं, तेच लॅपटॉपने वाचलं : "पुन्हा देवनागरी? हे वाचणार कोण?"

आई भडकलीच. "कोण हाय रे हा? लिही त्याला! गयाबाईनं वाचलं म्हणावं, आन् माझ्या आंधळ्या पोरानं चालवलं."

राजरत्नने शब्द न शब्द तसाच लिहिला.

"ताई, पाठवू?"

"विचारतोस काय!"