पाळीवरचा वड

शनिवारी सकाळी अंकिता सोलापुरातून गावी आली, ती ओसरीवर पिशवी टाकून थेट तळ्याकडे गेली. भाऊ ऋतुराज चहाचा कप घेऊन दारात उभाच राहिला.

तळं तसं लहानच. वळसंगच्या पुढे माळाला लागून त्यांची एक नापीक पट्टी होती. तिथे तिच्या वडिलांनी, जोतिरामअण्णांनी, ओढ्याला आडवी मातीची पाळ घालून ते केलं होतं. माणसांसाठी नव्हे, काळविटांसाठी. उन्हाळ्यात कळप पाण्यासाठी वस्तीपर्यंत यायचे, कुत्री मागे लागायची, पाडसं विहिरीत पडायची. त्यांचं पाणी त्यांना तिकडंच दिलं की झालं, असं म्हणून अण्णांनी दोन उन्हाळे ट्रॅक्टरने काळी माती वाहिली होती.

अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. हल्ली गावोगाव करतात तसं, त्यांची राख नदीत न सोडता खड्ड्यात घातली आणि वर वडाचं रोप लावलं. सावडायला बायका जात नाहीत, म्हणून अंकिता तेव्हा घरीच होती. खड्डा पाळीच्या ऐन मध्यावर घेतला हे तिला मागून कळलं. पण तळं निम्म्याच्या वर कधी भरलंच नाही, त्यामुळे वडाचा विचार करायची वेळ आली नाही. यंदा भाद्रपदात ते काठोकाठ भरलं आणि काल ऋतुराजने फोनवर सहज सांगितलं, पाळीच्या मागं खाली जरा ओल दिसतीया.

ती जरा ओल नव्हती. पाळीच्या पायथ्याशी, वडाच्या बरोबर खाली, करंगळीएवढी धार लागली होती. अंकिताने ओंजळ धरली. पाणी बोटांतून गळून गेलं आणि तळहातावर बारीक काळा गाळ उरला. जलसंधारणाच्या कामावर तिची बारा वर्षं गेली होती. निवळ पाणी पाझरलं तर पाळ सोसते. गढूळ पाणी म्हणजे पाळ आतून वाहून चालली आहे.

तिने हात साडीला पुसला. पाच पावलं गेली, परत आली, पुन्हा ओंजळ धरली.

"आलीस व्हय इंजिनेरीनबाई?" वरून आवाज आला. "बापाला भेटायला का पान्याला?"

बजाआत्या वडाच्या बुडाशी उभी होती. अण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि तळ्याच्या खाली, ओढ्याच्या वळणावर घर बांधून दोन गायी घेऊन एकटी राहिली. रोज सकाळी ती वडाशी बोलायला यायची. गावातली सगळी उखाळीपाखाळी त्याला सांगून जायची.

अंकिता वर चढली. "आत्या, वड काढावा लागेल."

"काय म्हनलीस?"

"मुळं पाळीतून पाण्याकडे गेलीत. त्यांच्या कडेने पाणी वाट काढतंय. मंगळवारपासून मोठा पाऊस सांगितलाय. पाळ फुटली तर पहिलं तुझं घर जाईल."

"जाऊ दे की. माजंच हाय न्हवं? तुजं कुटं हाय तितं?"

"आत्या..."

"त्येला हितं का लावला, म्हाईत हाय तुला? मी ऋत्याला सांगून धाडलं हुतं. दवाखान्यात शेवटाला घोट घोट मोजून पानी देत हुते माझ्या भावाला. जीभ लाकडावानी झालती. म्हनलं, आता तरी पान्याजवळ ऱ्हाऊ दे." तिने पदर कमरेला खोचला. "त्येचं पिऊन झालं म्हनतीस व्हय?"

 ते पाणी मोजून देणारी अंकिताच होती. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला याहून जास्त नको, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि बाटलीवर पेनाने रेघ तिने ओढली होती. हे आत्याला ठाऊक होतं. आत्याने तेवढं मात्र बोलून दाखवलं नाही.

दुपारी जेवताना ऋतुराज म्हणाला, "दसऱ्यानंतर बघू की, ताई. पाणी उतरेल तोवर."

"दसऱ्यापर्यंत पाळ थांबणार आहे का तुझी?"

"आणि आत्याला कोण सांगणार?"

"सांगून झालंय." तिने अर्ध्या भाकरीवरच हात धुतला. ताटावरून उठून तीन फोन केले, पुन्हा तळ्याला जाऊन आली, आल्यावर चौथा केला.

नुसता वड तोडून भागणार नव्हतं. मुळं आत राहिली की कुजतात आणि त्यांच्या जागी नळी तयार होते. भरल्या तळ्यात तो उपटला तर पाळच उघडी पडते. म्हणजे आधी पाणी उतरवायचं, मग मुळासकट काढायचा, मग चिकणमातीने थर थर बसवत भरायचं. आणि हे सगळं दोन कोरड्या दिवसांत.

रविवारी उजाडताच तिने सांडव्याच्या तोंडावर पहिली कुदळ स्वतः मारली. ऋतुराज थोडा वेळ बघत राहिला, मग दुसरी कुदळ घेऊन आला. वर पाणी उपसायला दोन इंजिनंही लावली. अण्णांनी साठवलेलं पाणी ओढ्याला लागलं, तसं अंकिताने तिकडे पाठ केली.

जेसीबी घेऊन होटगीचा तिप्पण्णा आला. वड बघून त्याने मशीन बंद केलं. "अक्का, वडाला हात लावला म्हणून कळलं तर आमची अव्वा मला जेवायला घालणार न्हाय."

"हितं जेव," ऋतुराज म्हणाला.

"ते ठीक हाय. पन ती म्हातारी?"

बजाआत्या वडाला टेकून पाण्याकडे तोंड करून बसली होती. गायी सोडून माळावर बांधल्या होत्या, आणि स्वतः मात्र इथे.

"आत्या, ऊठ."

"मला बी उचल की त्या मशिनीनं. येकदमच काम हुईल."

तिप्पण्णा हसू दाबत खाली उतरला. अंकिताने हात धरला, आत्याने झटकला.  इंजिनांचा आवाज तेवढा चालू होता. ऊन चढलं. पाणी कमरेएवढं उतरलं. अंकिता पाळीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात राहिली. दर खेपेला खाली वाकून धार बघायची. धार आता मनगटाएवढी झाली होती.

"अंके," आत्याने एकाएकी हाक मारली. "हे काय गं?"

वडाच्या बुडाशी, काठाला लागून, पाण्यात वाटीएवढा भोवरा फिरत होता. एक पिवळं पान त्यात सापडलं, गरगरलं आणि खाली ओढलं गेलं. आत्या कान लावून ऐकत होती. तिच्या बसल्या जागेखालून पाणी जात होतं.

अंकिताने तिला दोन्ही काखांत धरून उभं केलं. या वेळी आत्याने हात झटकला नाही. बाजूला होऊन तिने तिप्पण्णाकडे बघितलं आणि ओरडली, "बघतोस काय रं मुडद्या? चालीव की! आदी भवतीची माती सोडव. मुळाला हिसका देऊ नगंस."

पाणी भोवऱ्याच्या खाली उतरेपर्यंत दुपार कलली. मग वड निघाला. एक मूळ मनगटाएवढं जाड होतं, पाळीतून सरळ पाण्याकडे गेलेलं, आणि त्याच्या अंगालगत हात कोपरापर्यंत जाईल एवढी पोकळी होती. आत्याने ती बघितली.  मुळांना चिकटलेल्या मातीसकट वड ओल्या पोत्यांत गुंडाळून ट्रॉलीतून तिच्या दारी नेला. तो जगेल की नाही, हे अंकिताने कुणाला विचारलं नाही.

खड्डा स्वच्छ खणून काळी माती टाकायला सुरुवात केली, पण दाबायला रोलर मिळेना. ऋतुराज माळावर गेला आणि भीमा धनगराला त्याच्या मेंढरांसकट घेऊन आला.

"रोलर नव्हता तवा हेच हुतं," भीमा म्हणाला. "फक्त त्येस्नी हितं थांबवायचं अवघड हाय. गवताकडंच पळत्यात."

वीतभर माती, तिच्यावर पाणी, आणि शंभरभर मेंढरं या टोकाकडून त्या टोकाकडे. मग पुन्हा माती. शेकडो बारक्या खुरांनी थर दबत होता. सोमवारी दुपारपर्यंत हेच चाललं. दक्षिणेला ढग काळे होत होते. तळ्याच्या तळात गुडघाभर पाणी राखलं होतं. दूर गवतात एक काळवीट मान वर करून या गोंधळाकडे बघत होता.

बजाआत्या अनवाणी पायांनी कळपाच्या मागे होती. हातात काठी. काल दुपारपासून ती अंकिताशी एक शब्द बोलली नव्हती. अंकिता माती मुठीत दाबून बघत खालून वर आली, तेव्हा दोघी समोरासमोर आल्या.

"आत्या, थोडं बस. मी हाकते."

"माज्याशी बोलू नगंस तू." आत्याने काठीने पाळीची कड टोचली. "आनि त्या कोपऱ्यात भुसभुशीत ऱ्हायलंय. डोळं हायत का न्हाईत? मेंढरं वळीव तिकडं."

अंकिताने साडी वर खोचली आणि कळपाच्या पुढे धावली.