बासरीवालीचा चेहरा

"पुन्हा एकदा लावून बघा ना, ताई."

"लावलंय. हा दुसरा नमुना आहे. पहिल्याचं उत्तर आलं तेव्हा वाटलं, माझ्याच हाताचं काहीतरी लागलं असेल. हातमोजे बदलले, काचा नव्यानं धुतल्या. तेच आलं. दूध."

जुनं भित्तिचित्र सांभाळण्याचं काम करणाऱ्या संवर्धक बाईनं स्टूल ओढलं आणि ती ताईंशेजारी बसली. यंत्राच्या पडद्यावरच्या उंचसखल रेघेकडे दोघी बघत राहिल्या.

जुन्या भिंतीवरून सुईच्या टोकाएवढा रंग आणायचा, आम्लाच्या वाफेत तापवून त्यातलं प्रथिन फोडायचं आणि जुन्या चित्रकारानं रंग कशात कालवला होता ते शोधायचं. सरसात, अंड्यात की दुधात. ताईंचं उभं आयुष्य यात गेलं होतं. आताचा नमुना ज्या भिंतीचा होता, तिच्यावर वाद्यं वाजवणाऱ्या बायकांची एक लांब रांग होती, आणि ती सगळी सरसात रंगवलेली होती. फक्त बासरीवालीचा चेहरा दुधातला निघाला. लोक यायचे ते हाच चेहरा बघायला. प्रवेशाच्या तिकिटावरही तोच होता.

"म्हणजे चेहरा नंतरचा," संवर्धक बाई म्हणाली.

"नंतरचाच. त्यातलं पांढरं बघ सूक्ष्मदर्शकाखाली. त्या काळात ते जन्मालाच आलं नव्हतं."

चेहरा कोणी काढला असेल, हे दोघींनाही कळलं होतं. त्या भिंतीवर याआधी एकाच माणसानं काम केलं होतं, आणि तो ताईंचा नवरा होता. भेगा बुजवल्या, बाकी कुठं हात लावला नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. ताईंनाही. तो आजारपणात गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी ताईंना आत बोलावून घेतलं. ते टेबलावरचा कागददाब उगाच इकडून तिकडे सरकवत होते.

"दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवू या का? तुमच्यावर कशाला हे?"

"पाठवा ना. तिथंही दूधच निघेल."

"तसं नाही म्हणत मी."

"कळतंय मला, साहेब. पण तो दुधाचा थर आता आक्रसतोय. कडेच्या जुन्या रंगाचे पापुद्रे उचलून धरतोय. या हिवाळ्यात केसांचा रंग गळायला लागेल, मग खांद्याचा. चेहरा काढायलाच हवा."

स्वतःचा आवाज इतका सरळ कसा येतोय, याचं त्यांनाच नवल वाटलं.

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. ताईंनी चपला काढल्या आणि समोर बसकण मारून त्याही सोलायला लागल्या. थोड्या वेळानं सांगून टाकलं.

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"अगं, रोज घरातलं दूध न्यायचा. तू कामावर गेलीस की पातेल्यातलं काढून, साय बाजूला करून. मी म्हटलं, एवढं दूध कुणाला पाजतोयस रे? तर म्हणाला, एका बाईला तोंडच नाही गं आई. मी मेली घाबरले. म्हटलं, हा कुठल्या बाईच्या नादी लागला!"

ताईंना हसू आलं.

"मग मला घेऊन गेला दाखवायला. मी म्हटलं, छान आहे, पण ही फुंकतेय असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध नेलं. ओठ नव्यानं काढले."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

सासूबाईंनी एक शेंग उघडली. ती किडकी होती, बाजूला टाकली. "मी विचारलं होतं. म्हणाला, तिला सांगितलं तर ती नको म्हणेल. आणि ती नको म्हणाली की मला करता यायचं नाही."

ताई उठून आत गेल्या. कपाटातल्या पर्समध्ये एक जुनं तिकीट होतं. खिडकीशी नेऊन त्यांनी ते निरखलं. भुवया, हनुवटी, गालाची ठेवण. आपलं काही सापडतंय का, ते त्या बघत होत्या. काही सापडलं नाही. चेहरा त्यांच्यासारखा नव्हता, सासूबाईंसारखाही नव्हता. कुणासारखाच नव्हता.

चेहरा उतरवायचं जेल ताईंनीच तयार केलं. सरस पाण्यानं विरघळतो, त्यामुळे जेलमधली ओल चेहऱ्याबाहेर जाऊन चालणार नव्हतं. चुन्याच्या तुकड्यांवर त्यांनी एका बाजूला दुधातला रंग लावला, शेजारी सरसातला, आणि ओल जागची हलणार नाही असं जेल जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दुधाचा रंग कालवताना तो नवऱ्याच्या हाताला कसा लागला असेल, ते त्यांच्या बोटांना कळत गेलं. मऊ होता तो. लावायला सोपा.

चेहरा काढायच्या दिवशी सासूबाईही आल्या. संवर्धक बाईनं त्यांना मचाणाखाली खुर्ची दिली. मग ती आणि ताई वर चढल्या. आधी कपाळ निघालं, मग डोळे. ओठांशी आल्यावर संवर्धक बाई थांबली.

"ताई, तुम्ही खाली जाता का?"

"नको. कर तू."

कापसावर फिकट गुलाबी उतरलं. खाली जुना चेहरा असेल, निदान एखादी रेघ तरी, अशी आशा कोणी बोलून दाखवली नव्हती, पण होती. काही नव्हतं. नुसता राखाडी गिलावा. केसांचा काळा रंग मात्र जागच्या जागी राहिला, आणि बासरीवरची बोटंही.

खाली उतरल्यावर संवर्धक बाईनं हळूच विचारलं, "शेजारच्या पाटीवर काय लिहू? 'नंतरची दुरुस्ती काढली', एवढं पुरे का? नाव लिहिलं तर लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत," ताई म्हणाल्या. "चेहरा त्यांनी केला होता, हे लिही. नाव पूर्ण लिही."

सासूबाईंनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग संवर्धक बाईला म्हणाल्या, "जपून काढलंत हो. कड कुठं दुखावली नाही."

"निघू या का, आई?"

"बस जरा."

ताई खुर्चीशेजारी जमिनीवरच बसल्या. एवढ्यात दालनाचं दार उघडलं आणि सकाळपासून ताटकळलेली माणसं आत आली. समोरून जाणाऱ्यांना वाट मिळावी म्हणून सासूबाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, आणि त्या भिंतीकडे बघत राहिल्या.